सीटीत पहिली स्टेज, ऑपरेशननंतर तिसरी: आत्याबाईंचा रिपोर्ट कोणी समजावून सांगेल का?

सेलूची_सून

नमस्कार. मी सेलूची, जिल्हा परभणी. माझ्या सासूबाईंचं (आम्ही आत्याबाई म्हणतो) ओव्हरीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. वय ५८. आधी आम्हाला सांगितलं होतं की पहिली स्टेज वाटते. आता रिपोर्टवर थ्री-ए-वन लिहून आलंय. तेव्हापासून घरात कोणी नीट जेवंना झालंय.

संक्रांतीनंतर त्यांचं पोट गच्च राहायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायच्या, लघवीला सारखं उठायच्या. गॅस समजून मेडिकलवरून गोळ्या आणून दिल्या, हिंगाचं पाणी दिलं. शिमग्यानंतर सोनोग्राफी केली तर डाव्या ओव्हरीला ११ सेंमीची गाठ, थोडी पाण्याची, थोडी भरीव. रक्तातलं सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरचा संशय आला की करतात ती तपासणी) आलं ८६. सीटी स्कॅनमध्ये पोटात पाणी नाही, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) साफ, नोड्स (लिम्फच्या गाठी) वाढलेले नाहीत. मग संभाजीनगरला ऑपरेशन झालं. बेंबीच्या वरपर्यंत उभा काप. पिशवी, दोन्ही ओव्हऱ्या, नळ्या, ओमेंटम अन् नोड्स असं सगळं काढलं.

मी बीएस्सी झाले, त्यामुळं इंग्रजी वाचता येतं, पण अर्थ लागंना. रिपोर्टमधलं जसंच्या तसं टाकते:

हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा, डावी ओव्हरी, कॅप्सूल शाबूत. उजवी ओव्हरी, दोन्ही नळ्या, गर्भाशय, ओमेंटम यांत ट्यूमर नाही. पोट धुतलेलं पाणी निगेटिव्ह. पेल्व्हिक नोड्स १२ पैकी ०. पॅरा-एऑर्टिक नोड्स ९ पैकी २, सर्वांत मोठं डिपॉझिट ६ मिमी. पीटी-वन-ए, एन-वन-ए. फिगो स्टेज थ्री-ए-वन, पुढं कंसात रोमन एक.

आता सांगा, पहिलीची तिसरी एवढ्या लवकर कशी झाली? आमचे चुलत सासरे म्हणायलेत की हात लावला म्हणूनच पसरलं, चाकू लावायलाच नको होता. आणि ट्यूमर खाली ओटीपोटात, खराब नोड्स वर किडनीजवळ, मधले बाराच्या बारा साफ. असं उडी मारून कसं काय जातं? मानवतला माझ्या मावशीच्या जावेला थ्री-सी होती, त्यांचे नोड्स काढलेच नाहीत म्हणे. मग आत्याबाईंचे उगाच काढले, का त्यांचे राहून गेले? डॉक्टरांनी सहा केमो सांगितल्यात. भाऊजी म्हणतात, तिसरी म्हणजे आता कशाला हाल करायचे. आत्याबाईंना स्टेजचं अजून सांगितलं नाही, पण घरातली कुजबुज त्यांना कळतीय.

गोदाकाठची_पॅथ

ताई, रिपोर्ट नीट टाइप केलात, त्यामुळं अंदाजानं बोलावं लागत नाही. मी मराठवाड्यातल्याच एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीत आहे, असे रिपोर्ट लिहिणं हेच माझं काम. उपचाराचं तुमचे डॉक्टर ठरवतील, मी कागदावर काय लिहिलंय तेवढं सांगते.

आधी चुलत सासऱ्यांचं घेते, कारण अशी शंका घरात शिरली की पुढं केमोपर्यंत पोचू देत नाही. ते दोन खराब नोड्स ज्या ऑपरेशनमध्ये बाहेर आले, त्याच ऑपरेशनमध्ये ट्यूमरला पहिल्यांदा हात लागला. चाकूमुळं पसरलं म्हणायचं तर सर्जन टाके घालायच्या आत पेशी वर जाऊन ६ मिमीची वस्ती करून बसल्या असं मानावं लागेल. तसं होत नसतं. आजार तिथं आधीपासून होता, आत्ता सापडला इतकंच. स्टेज वाढलेली नाही, कळलेली आहे.

त्यांच्या बोलण्यात खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगते. अशी गाठ पोटात फुटली तर पेशी सांडू शकतात. म्हणून फिगोनं (स्टेज ठरवणारी स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना) त्यासाठी वेगळे कप्पे केलेत: ऑपरेशन करताना फुटली तर वन-सी-वन, आधीच फुटलेली असेल किंवा ओव्हरीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ट्यूमर आलेला असेल तर वन-सी-टू, पोटातल्या पाण्यात पेशी सापडल्या तर वन-सी-थ्री. म्हणूनच कॅन्सरचा संशय असलेल्या अन् ओव्हरीपुरत्याच दिसणाऱ्या गाठीत सुई घालून पाणी ओढत नाहीत, आणि म्हणूनच आत्याबाईंचा काप एवढा मोठा आहे. गाठ अख्खी बाहेर यायला हवी होती. कॅप्सूल (गाठीचं बाहेरचं आवरण) शाबूत अन् पाणी निगेटिव्ह याचा अर्थ ती अख्खी आली.

मग सीटीत का दिसलं नाही? सीटीवर नोडचा आकार दिसतो, आतल्या पेशी दिसत नाहीत. नोडची आखूड बाजू १० मिमीच्या पुढं गेली की रेडिओलॉजिस्ट संशय घेतात. नेहमीच्या आकाराच्या नोडमध्ये ६ मिमीचा ठिपका आरामात लपतो. उलट नुसत्या जंतुसंसर्गानं नोड चांगला दीड सेंमीचा फुगतो आणि आत काहीच नसतं. ऑपरेशनआधी सांगितलेली स्टेज हा डॉक्टरांचा अंदाज असतो. ओव्हरीच्या कॅन्सरची खरी स्टेज पोट उघडल्यावर अन् आमच्या टेबलावर ठरते.

टेबलावर काय होतं तेही ऐका. सर्जन नोड्स मोजून पाठवत नाहीत. फॉर्मलिनच्या डब्यांत पिवळ्या चरबीचे गोळे येतात, वर चिठ्ठी असते, डावं पेल्व्हिक, उजवं पेल्व्हिक (ओटीपोटातलं), पॅरा-एऑर्टिक (वर, मोठ्या रक्तवाहिनीजवळचं). त्या चरबीतून बोटांनी चाचपत नोड्स वेगळे करायचे, डाळीतले खडे निवडावेत तसे. प्रत्येक नोडचे पातळ काप करायचे, ते कॅसेटमध्ये, मग मेणात, मग काही मायक्रॉनच्या पापुद्र्यांच्या स्लाइड्स, मग रंग, मग मायक्रोस्कोप. रिपोर्टला इतके दिवस का लागतात म्हणून खिडकीवर भांडणाऱ्यांनी एकदा आत येऊन बघावं. तुमच्याकडं एकूण २१ नोड्स सापडलेत म्हणजे सर्जननं नीट काढलेत आणि आमच्या कोणा सहकाऱ्यानं नीट शोधलेत.

आता स्टेज. ओव्हरी किंवा नळीपुरता आजार ही पहिली. ओटीपोटातल्या शेजाऱ्यांवर, म्हणजे पिशवी, मूत्राशय, आतड्याचा खालचा भाग यांवर गेला की दुसरी. चौथीत फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात पेशी असतात, किंवा लिव्हरच्या आत, किंवा जांघेतल्या अन् पोटाबाहेरच्या नोड्समध्ये आजार असतो. मधल्या तिसरीत मात्र दोन अगदी वेगळ्या वाटांनी जाता येतं. एक वाट पोटाच्या अस्तरावरून: ओमेंटम, आतड्यांचं आवरण, लिव्हरचा वरचा पापुद्रा. दुसरी वाट पाठीच्या कण्यासमोरच्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळच्या नोड्समधून. आत्याबाईंची दुसरी वाट आहे, आणि फक्त दुसरीच.

१९८८ च्या वर्गीकरणात नोड पॉझिटिव्ह आला की थेट थ्री-सी, म्हणजे तिसरीतला सगळ्यात पुढचा कप्पा, लिहायचो. पोटभर आजार असलेली बाई आणि एका नोडमध्ये ठिपका असलेली बाई एकाच कप्प्यात. पण फक्त नोड्समध्ये आजार असलेल्या बायकांचं पुढं बरंच चांगलं चालतं हे दिसत गेलं, म्हणून २०१४ च्या फिगोनं त्यांना वेगळं काढून थ्री-ए-वन दिलं. त्यातही डिपॉझिट १० मिमीपर्यंत असेल तर रोमन एक, त्याच्यावर गेलं तर रोमन दोन. हे माप नोडचं नसतं, नोडमधल्या कॅन्सरचं असतं. तुमचं ६. पूर्ण तिसऱ्या स्टेजमध्ये हा सगळ्यात सुरुवातीचा, कमी आजाराचा कप्पा आहे. भाऊजींना हे दाखवा.

उडीचं म्हणाल तर ती उडी नाहीच. पोटातल्या बाळाच्या ओव्हऱ्या सुरुवातीला किडनीजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात. उतरताना वरच्या रक्तवाहिन्या आणि लसिकेच्या (लिम्फच्या) वाहिन्या सोबत ओढून आणतात. म्हणून डाव्या ओव्हरीची शीर आजही डाव्या किडनीच्या शिरेला जाऊन मिळते, अन् लसिकाही थेट तिथल्या नोड्सकडं जाते. ओटीपोटातल्या नोड्सकडं जाणारी दुसरी वाट आहे, जांघेकडं जाणारी तिसरीही आहे, पण किडनीजवळची वाट ओव्हरीची मूळची. म्हणूनच सर्जन डाव्या किडनीच्या शिरेपर्यंत वर जातात. फक्त खालचे १२ काढून थांबले असते तर रिपोर्टवर वन-ए, म्हणजे एकाच ओव्हरीपुरता आजार, असं आलं असतं, आणि ते चुकीचं असतं.

आडगाव_राजा

माझ्या पाहण्यात तीन-चार पेशंट ऑपरेशनंतरच गेलेत. ताई, केमोच्या नादी लागू नका, शरीर पोखरतं. पथ्य, गोमूत्र अर्क अन् देवाचं नाव. बाकी तुमची मर्जी.

मांजराकाठ

राजाभाऊ, तुमच्या पाहण्यात जे गेले त्यांचं वाईट वाटतं, पण मी तुमच्या पाहण्यात आले नाही. कळंब तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. थ्री-सी होती. पोटात एवढं पाणी की साडीच्या निऱ्या बसंनात, ओमेंटम नुसतं घट्ट झालेलं. बार्शीला उपचार झाले. मला थेट ऑपरेशन केलंच नाही. आधी केमो, पाणी आटलं, गाठी बारीक झाल्या, मग ऑपरेशन, मग उरलेल्या केमो. केस गेले, आले. पायाच्या बोटांना अजून मुंग्या येतात, उन्हात चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. बाकी परत वर्गावर आहे. चौथीची पोरं माझ्या बॉबकटची चेष्टा करतात, करू देत.

सेलूच्या ताई, मला एकच सांगायचंय. आत्याबाईंना सांगा. माझ्याही घरी लपवलं होतं, धाकट्या दिरानं रिपोर्ट बुलेटच्या डिकीत ठेवला होता. मला कळलं ते केमोच्या खोलीत शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून. त्या दिवशी आजारापेक्षा घरच्यांचा जास्त राग आला. तुमच्या आत्याबाई ५८ वर्षांच्या आहेत, लेकरांची लग्नं केलेली बाई आहे, त्यांना कळत नाही असं समजू नका. सलाईन लागल्यावर ओकाऱ्या काढायच्यात त्यांना, तर कशासाठी काढायच्या हे त्यांना माहीत नको?

आणि पॅथ मॅडम, मलाही ताईंचा तिसरा प्रश्न आहेच. माझे नोड्स काढले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, हाताला चांगले लागले, गरज नाही. इथं आत्याबाईंचे तर सीटीतसुद्धा चांगले होते, तरी काढले. मग मला धाकधूक व्हावी की नाही?

गोदाकाठची_पॅथ

बाई, होऊ नये. यावर नीट अभ्यास झालेला आहे. जर्मनीच्या डॉक्टरांनी पुढाकार घेतलेला, लायन नावाचा, २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. आजार पोटात पसरलेल्या ६४७ बायका. सगळ्यांच्या पोटातला डोळ्याला दिसणारा आजार पूर्ण काढला होता, आणि नोड्स स्कॅनला अन् हाताला ठीक होते. मग चिठ्ठी टाकल्यासारखं निम्म्यांचे नोड्स सरसकट काढले, निम्म्यांचे ठेवले. काढलेल्यांत मायक्रोस्कोपखाली ५५.७ टक्के बायकांच्या नोड्समध्ये आजार सापडला, म्हणजे ठेवलेल्यांमध्येही साधारण तेवढाच राहिला असणार. तरी आयुष्यमान जवळजवळ सारखंच, मध्यक (निम्म्या बायका याहून जास्त जगल्या) ६५.५ महिने काढलेल्यांत आणि ६९.२ न काढलेल्यांत. आजार परत यायला दोन्हीकडं २५.५ महिने. फरक पडला तो त्रासात. पुन्हा पोट उघडावं लागलं १२.४ टक्क्यांना, दुसरीकडं ६.५. ऑपरेशननंतर ६० दिवसांत दगावल्या ३.१ टक्के, दुसरीकडं ०.९.

तेव्हा तुमच्यासारख्या केसमध्ये चांगल्या दिसणाऱ्या नोड्सना हात न लावणं हा आळस नाही, शहाणपण आहे. तुमची स्टेज पोटातल्या आजारानंच ठरली होती. नोड्स काढून थ्री-सीचं काही वेगळं झालं नसतं, आणि औषधही तेच राहिलं असतं. मानवतच्या बाईंचंही बहुतेक हेच.

आत्याबाईंचं उलट आहे. पोटात बाकी कुठंच आजार नाही, सगळं ओव्हरीपुरतं दिसतंय, अशा वेळी तो खरंच तेवढाच आहे का हे नोड्सच सांगतात. दिसायला पहिली असलेल्या केसेसमध्ये काही जणींच्या नोड्समध्ये लपलेला आजार निघतो, आणि हाय ग्रेड सीरस, म्हणजे आत्याबाईंच्या जोरदार वाढणाऱ्या प्रकारात, तो जास्त निघतो. म्युसिनस प्रकारात इतका कमी निघतो की तिथं बरेच सर्जन नोड्स काढतही नाहीत. नोड्स काढल्यानं पहिल्या स्टेजच्या बाईचं आयुष्य वाढतं असं मी म्हणत नाही, तेवढा भक्कम पुरावा नाही. काढल्यानं माहिती मिळते, अन् त्या माहितीवर पुढचं ठरतं.

एक पोटकलम राहिलं. लायनमध्ये नोड्स ठीक असलेल्याच बायका होत्या. नोड स्कॅनवर मोठा दिसतोय किंवा हाताला टणक लागतोय, तर तो दिसणारा आजार झाला, तो बाकीच्या आजारासोबत काढायचा प्रयत्न करतातच. कोणी हा धागा वाचून सर्जनशी भांडायला जाऊ नका.

बालाघाट_बीड

थोडं वेगळं, पण इथं कामाचं आहे. माझ्या मामीला पोटात पाणी, सीए-१२५ चारशेच्या वर, सीटीत पोटात नोड्स मोठे. एका ठिकाणी थेट ओव्हरीचा कॅन्सर, शेवटची स्टेज सांगून मोकळे झाले. मामानं तर जमिनीचा तुकडा विकायची बोलणी सुरू केली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तुकडा घेतला तर पोटाचा टीबी निघाला! सहा महिन्यांच्या गोळ्यांवर बरी आहे, ऊसतोडीला जाते. मॅडम, असं किती वेळा होतं?

गोदाकाठची_पॅथ

किती वेळा हे नाही सांगत, पण आपल्याकडं होतं, आणि आमच्या विभागात नवीन पोरांना हे पहिल्यांदा शिकवतो. सीए-१२५ हे कॅन्सरचंच प्रमाणपत्र नाही. पोटाच्या अस्तराला काहीही टोचलं की ते वाढतं: टीबी, एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, लिव्हर खराब होऊन साठलेलं पाणी, अगदी गरोदरपणसुद्धा. ३५ ही नॉर्मलची रेघ, तिच्या वर गेलं की संशय, निकाल नव्हे. उलट पहिल्या स्टेजच्या कित्येक बायकांचं ते वाढलेलंच नसतं.

टीबीचे नोड्स सीटीवर बऱ्याचदा मधून काळे, कडेनं उजळ दिसतात, पण त्यावरही पैज लावू नये. तुकड्यात ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके) अन् मधला चिजासारखा मेलेला भाग दिसला की आम्ही टीबी म्हणतो, सोबत सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधायची जनुकीय तपासणी) नमुना जातो. पोटातला पसरलेला आजार बघून आधी केमो द्यायची ठरली, तर केमोच्या आधी तुकडा तपासलेला असलाच पाहिजे. तुकडा घेणं जमण्यासारखंच नसेल तर किमान पाण्यातल्या पेशी आणि बाकीच्या तपासण्या. नुसत्या सोनोग्राफीवर केमो कोणी सुरू करत असेल तर उठून या.

सेलूची_सून

सगळ्यांचे आभार. मॅडमचं पहिलं उत्तर मी मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं. चुलत सासरे त्याच ऑपरेशनचं ऐकून जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, मग आधी कसं काय नाही सांगितलं कोणी. भाऊजींनी केमोची तारीख घ्यायला होकार दिलाय. आत्याबाईंना मी आणि वन्सं मिळून सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं माहितीय? कापसाच्या लागवडीच्या वेळी मी कुठल्या केमोत असणार. मांजराकाठच्या बाई, तुमचं बरोबर निघालं.

आता नवीन गोष्टी. डाव्या जांघेच्या वरच्या बाजूला मऊ फुगा आल्यासारखं झालंय, दाबलं तर दुखत नाही. परत आलं की काय म्हणून रात्री झोप नाही. दुसरं, डॉक्टर म्हणाले रक्ताची बीआरसीए टेस्ट (जनुकातला पिढीजात दोष बघायची) करा. आमच्या घराण्यात कोणाला कॅन्सर नाही, मग कशाला? आणि ह्यांचे मित्र मुंबईला टाटाला एकदा दाखवून घ्या म्हणतात. टाटावाल्यांनी इथले स्लाइड अन् ब्लॉक सोबत आणायला सांगितलेत. ब्लॉक म्हणजे काय, आणि इथलं हॉस्पिटल देतं का?

मांजराकाठ

मॅडम उत्तर देतीलच, मी पैशाचं सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. रेशन कार्ड अन् आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडं जायचं, आणि हे पहिल्या केमोच्या आधी, नंतर नाही. हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी विचारा. संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहेच. एसटीत कॅन्सर पेशंटला ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत उपचाराला जायला स्लीपरला पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के. त्याचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं. मुंबईला राहायचं झालं तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाच्या पेशंटांसाठीच ओळखली जाते. टाटाचं पत्र अन् केस पेपर लागतो, आणि जागा मिळेलच असं नाही, म्हणून आधी चौकशी करून निघा.

गोदाकाठची_पॅथ

लागवडीचा प्रश्न आवडला. केमो बहुतेक दर २१ दिवसांनी असते, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. जूनच्या पेरणीला त्या त्यातच असतील, तेव्हा रानात कोणाला तरी उभं करा, त्या बांधावरून ओरडतील. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप १००.४ च्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल.

फुग्याचं. नोड्स काढले की तिथून वाहणारी लसिका काही काळ साठते, त्याला लिम्फोसील म्हणतात. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत, नोड्स काढलेल्या बाजूला, मऊ अन् न दुखणारा फुगा आला तर बहुतेक वेळा हेच असतं आणि बहुतेकदा आपोआप जिरतं. सोनोग्राफीत लगेच कळतं, ती करून घ्या म्हणजे तुमची झोप परत येईल. त्यात ताप, लाली, दुखणं सुरू झालं तर लगेच दाखवा. आणि एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली तर वेगळी गोष्ट, शिरेत गुठळी असू शकते. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तो धोका जास्त असतो. त्याला थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी).

बीआरसीए. हाय ग्रेड सीरस निघाला की घराण्यात कॅन्सर असो-नसो, ही टेस्ट सांगतातच. घराण्यात दिसत नाही याचं एक कारण असं की हा दोष बापाकडूनही येतो, आणि पुरुषांत तो बऱ्याचदा गुपचूप राहतो. आत्याबाईंच्या आईकडं बघून भागत नाही, वडिलांकडच्या आत्या-चुलत्यांचंही विचारा. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तुमच्या यजमानांना, भाऊजींना आणि वन्संना प्रत्येकी ५० टक्के शक्यता. वन्संनी तर नक्की करून घ्यावी. त्यांच्यासाठी ओव्हरीच्या कॅन्सरला आधीच अडवता येतं.

आत्याबाईंसाठीही ती कामाची आहे, आणि इथंच ते नोड्स काढल्याचं उघड फळ दिसतं. हाय ग्रेड सीरस पहिल्या स्टेजचा असता तरी केमो सांगितलीच असती, तेव्हा केमो तिसरीमुळं लागली असं भाऊजींनी समजू नये. पण केमोनंतर चालू ठेवायच्या ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा मोठा पुरावा तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या, बीआरसीए दोष असलेल्या बायकांमधला आहे. नोड्स न काढता कागदावर वन-ए राहिलं असतं तर ही चर्चाच झाली नसती. महाग गोळ्या आहेत, योजनेत बसतात का ते टेस्ट आल्यावर विचारा, आत्तापासून डोक्याला ताप नको.

ब्लॉक म्हणजे मेणाच्या वडीत बसवलेला पेशींचा तुकडा. स्लाइड त्यातूनच कापतात. रीतसर अर्ज, पेशंटची किंवा नातेवाइकाची सही, ओळखपत्र, यावर मिळतो, आणि तो परत करायचा असतो, कारण एकच असतो. सगळे मागू नका, ट्यूमरचा एक आणि पॉझिटिव्ह नोडचा एक, सोबत त्यांच्या स्लाइड्स आणि रिपोर्टची सहीशिक्क्याची प्रत. कुठला द्यायचा ते तिथल्या पॅथॉलॉजिस्टना विचारा, सगळ्यात जास्त ट्यूमर असलेला निवडून देतील. वडीवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी काउंटरवरच जुळवून घ्या, गाडीत बसल्यावर नाही.

आणि हा मे महिना आहे. त्या मेणाला वितळायला साधारण ५६ ते ६० अंश लागतात, सावलीत काही होत नाही, पण परभणीच्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापतं. ब्लॉक डबीत घालून हातातल्या पिशवीत ठेवा. नंदिग्राम असो की देवगिरी, खिडकीपासून लांब. स्लाइड्स वेगळ्या, स्लाइडच्याच डब्यात. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या फुटक्या स्लाइड्स आम्ही पुष्कळ जोडल्यात.